एक जूनवाले सहारात

परदेशी जायच्या अर्जातला सगळ्यात अवघड रकाना कोणता, असं कोणी विचारलं तर लोकांना वाटतं मी उत्पन्नाचा सांगेन. नाही. सगळ्यात अवघड रकाना जन्मतारखेचा. निदान बीड जिल्ह्यात तरी.

मला बीडमध्ये सगळे तिकीटवाल्या शैलाताई म्हणून ओळखतात. एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत माझ्या नवऱ्याचं टायपिंगचं दुकान होतं. लोक पासपोर्टचा अर्ज भरून घ्यायला यायचे. तो टाइप करायचा आणि मी वाचून चुका काढायची. दुसऱ्यांच्या चुका काढायची हौस मला माहेरापासूनच. सासरी तिचा धंदा झाला एवढंच. अर्जांवरून तिकिटं, तिकिटांवरून सहली, असं करता करता पस्तीस वर्षं गेली. यंदा दुकान पुतणीच्या हवाली केलं आणि घरी बसले. घरात बसून आता घरच्यांच्या चुका काढते.

आमचा धंदा जग दाखवायचा, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम वेगळंच असतं. माणसाचे चार कागद एकमेकांशी भांडणार नाहीत एवढं बघायचं. आधार कार्डावर बाई सासरच्या नावाची, पासपोर्टवर माहेरची आणि बँकेत तिसऱ्याच नावाची, अशी तिन्ही भांडणं मिटवल्याशिवाय विमान हलत नाही. दुसरं काम म्हणजे माणसं घराबाहेर काढणं. ते त्याहून अवघड. एका जोडप्याचं सिंगापूरचं सगळं ठरलं, आणि आदल्या महिन्यात मालकीणबाई म्हणाल्या, "ताई, आमची म्हैस माझ्याबिगर कोनालाच जवळ येऊ देत न्हाई." सहल पुढं ढकलली. म्हैस आटली तेव्हा दोघं गेली आणि मला तिथून पेढे म्हणून कसलीशी वडी घेऊन आली. दुसऱ्या एकानं काश्मीर ऐन वेळी रद्द केलं. मी विचारलं, "कावून?" तर म्हणाला, "ग्रामपंचायतीला चुलतभाऊ उभा हाय. मी गेलो तर निवडून यील की तो!"

पण मला सांगायची आहे ती मागच्या हिवाळ्यातली मोरोक्कोची सहल. तिनं मला जेवढं रडवलं तेवढं कुठल्या सहलीनं रडवलं नाही, आणि जेवढं सुख दिलं तेवढंही नाही.

गणपती उठल्यावर एके दिवशी दुकानात तिघं आले. पुढं दत्ताबप्पा. केज तालुक्यातले मोठे बागायतदार, दोन वेळा पंचायत समितीचे सभापती झालेले. मागं लिंबाजी. निम्मा जन्म ऊसतोडीत गेलेला, आता स्वतःचे दोन ट्रॅक्टर बाळगून असलेला, कमी बोलणारा माणूस. आणि लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवून, पाय जपून टाकत आलेले भानुदास गुरुजी, वय चौऱ्याऐंशी. बप्पा आणि लिंबाजी एका वर्गात होते आणि गुरुजी त्यांचे पहिलीपासूनचे मास्तर. गाव नांदूरघाटापलीकडचं, एक ओढा आणि एक शाळा असलेलं.

"ताई," बप्पा बसायच्या आधीच म्हणाले, "गुरुजींला सहाराचं वाळवंट दाखवायचंय. आमी त्यांचे नऊ जण हाव. तुमी फकस्त कागदं रंगवा."

मग कळलं ते असं. गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा काढलेला होता. जंगल पाल्याच्या रसानं, समुद्र निळीनं आणि सहारा हळदीनं. पावसाळ्यात सहारा धुऊन जायचा. पाऊस उघडला की पोरं घरून चिमूट चिमूट हळद चोरून आणायची आणि मास्तर पुन्हा रंगवायचे. त्या हळदीपायी एकेकानं घरी मार खाल्लेला. "आपल्या भारताच्या जवळजवळ तिप्पट वाळू आहे तिथं, आणि तरी माणसं राहतात. तुम्ही एका कोरड्या वर्षानं काय रडता?" असं ते पोरांना सांगायचे. जन्मभर सांगितलं, पण स्वतः कधी मुंबईचा समुद्रही पाहिला नव्हता.

आणि आता घाई होती. गुरुजींना काचबिंदू. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाजूचं दिसणं गेलं, ते येणार नाही. समोरचं उरलंय तेही वर्षभर टिकेल याची खात्री नाही.

"शैलाबाई," गुरुजी मला म्हणाले, "मला आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं. नळीत मावेल तेवढा सहारा बघून घ्यावा म्हणतो."

त्या वाक्यानंतर मला कुणी काही पटवायची गरज उरली नाही.

बप्पांच्या मनात इजिप्त होतं. पिरॅमिडपुढं फोटो काढला की गावात वजन पडतं. पण गुरुजी म्हणाले, "राजाची कबर बघून काय करू? मला वाळू बघायची आहे." मोरोक्कोत चांगल्या रस्त्यानं थेट वाळूच्या पायथ्याशी गाडी जाते, चौऱ्याऐंशीच्या माणसाला सोयीचं, म्हणून मी मोरोक्को काढलं. उन्हाळ्यात तिथं जीव भाजतो, तेव्हा हिवाळाच धरायचा. आणि हिवाळ्याच्या तारखा ठरवणं आमच्या जिल्ह्यात म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा कठीण. डिसेंबरात कुणाच्या पुतणीचं लग्न, कुणाच्या मेव्हण्याचं. निवडणुकीची आवई उठली की बप्पा जागचे हलणार नाहीत. राहिला जानेवारी, तर बप्पांची अट, "करीच्या दिवशी मी गाडीत बसत न्हाई." संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी शुभ काम नाही, प्रवास नाही. शेवटी मी आखणी केली ती अशी, की संक्रांतीच्या संध्याकाळी वाळवंटात पोचायचं आणि करीचा अख्खा दिवस तिथून हलायचंच नाही. बायकांना विचारलं तर त्या म्हणाल्या, संक्रांतीचं वाण टाकून वाळूत काय करायचं? त्यामुळं नऊ चेले आणि गुरुजी. वर बप्पांनी मलाही ओढलं. "तुमी बी चला ताई. तिथं फारम कोन भरनार?"

त्या दिवशी दुकानातून निघताना लिंबाजी दारात थांबला. म्हणाला, "ताई, आजवर हिवाळ्यात गाव सोडलं ते कोयता घेऊनच. पहिल्यांदा रिकाम्या हातानं चाललोय. कसंतरीच वाटतंय." आणि हसला.

आता माझी चूक सांगते.

त्यांचे दहा पासपोर्ट घेऊन मी व्हिसाचे अर्ज भरायला बसले. नाव तपासलं, मुदत तपासली, कोरी पानं मोजली. सहा महिन्यांहून कमी मुदत उरलेला पासपोर्ट चालत नाही, तेही पाहिलं. जन्मतारीख एक जून. पुढच्याची एक जून. त्याच्या पुढच्याची एक जून. सगळ्यांची एक जून, आणि गुरुजी सोडून बाकी नवांचं वर्षही एकच. आणि मला, पस्तीस वर्षं चुका काढत आलेल्या बाईला, त्यात काही म्हणता काही वाटलं नाही. कसं वाटावं? माझ्या सासऱ्यांची एक जून, थोरल्या दिरांची एक जून, आमच्या घरमालकाची एक जून. आमच्याकडं एका पिढीतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनच असतो, कारण शाळा जूनमध्ये भरायची आणि मास्तर तीच तारीख टाकायचे. मी त्यात माझा घालून अकराही अर्ज एकगठ्ठा पाठवून दिले. सोबत खुलाशाचं पत्र जोडायला हवं होतं. एका पानाचं काम. सुचलंच नाही.

विमानाची तिकिटं निघालेली, आणि निघायला अठरा दिवस उरले असताना मोरोक्कोच्या व्हिसा कचेरीचं उत्तर आलं. अगदी सभ्य इंग्रजीत विचारलं होतं की एकाच खेड्यात एकाच दिवशी जन्मलेले नऊ जण एकत्र प्रवास करत आहेत, याचा पुराव्यासह खुलासा करावा. तोवर सर्व अर्ज थांबवले आहेत.

त्यांचं काय चुकलं? मी त्या खुर्चीवर असते तर मीही थांबवले असते.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी दुकानात. खुर्च्या कमी पडल्या. बप्पांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "ताई, कोनाला लावायचा तेवढं सांगा."

"बप्पा, तिथं कुणी आपलं नाही."

"आसं कुठं आसतंय का? आपलं कोनी न्हाई आसं हापिसच नसतंय."

अर्धा तास तीन-चार ठिकाणी फोन झाले. एका माणसानं मोरोक्को कुठल्या तालुक्यात येतं असं विचारल्यावर बप्पांनी फोन ठेवला. मग त्यांना दुसरी युक्ती सुचली. "वकील आपला हाय. नवं शपथपत्र करू. एकेकानं एकेक तारीख वाटून घ्या. मिटलं!"

आणि माझ्या डोळ्यांदेखत वाटप सुरू झालं. एकानं पंधरा ऑगस्ट घेतली. दुसरा म्हणाला ती मला पाहिजे, माझा भाऊ फौजेत होता. तिसरा म्हणाला, "मला दत्तजयंती लिवा."

"ती फिरती आसती बे," बप्पा खेकसले. "थेट तारीख सांग!"

मी टेबलावर हात आपटला. अहो, पासपोर्टवर एक जून छापलंय. नवं शपथपत्र म्हणजे तुमचेच कागद तुमच्याविरुद्ध साक्ष देणार. व्हिसा तर जाईलच, पासपोर्टही जाईल. मी ओरडत होते खरी, पण राग माझाच मला आला होता. एक पान लिहायला आळस झाला आणि एका म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा उजेड मी वाया घालवत होते.

गुरुजी कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते म्हणाले, "त्या तारखा मी लिहिल्या."

तारखांचं वाटप थांबलं.

"तुमच्या नऊही नावांपुढं माझा हात आहे. शाळेत घालताना खोटी तारीख मी लिहिली, तुम्ही नाही. आता म्हातारपणी तुम्हाला माझ्यापायी दुसऱ्यांदा खोटं लिहू देणार नाही. शैलाबाई, काय खरं आहे ते मी सांगतो. तुम्ही इंग्रजी करा."

लिंबाजी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन प्रवेशाच्या जुन्या रजिस्टरचा उतारा आणि त्या पानाचा फोटो घेऊन आला. नऊ नावं एकाखाली एक, एकाच वळणदार अक्षरात, आणि शेवटी गुरुजींची सही. मी उतारा समोर ठेवला आणि गुरुजींनी सांगायला सुरुवात केली.

मूल सहा वर्षांचं असल्याशिवाय शाळेत घ्यायचं नाही, असा नियम होता. आयांना मुलाचा जन्म आठवायचा तो सणावरून नाहीतर पेरणीवरून. तारीख कुणालाच सांगता यायची नाही. मूल सहाचं दिसतंय असं पाहून मी एक जून लिहायचो, कारण ती शाळेच्या वर्षाच्या तोंडची तारीख. आजूबाजूच्या गावांत सगळे मास्तर असंच लिहायचे. माझी स्वतःची तारीखही माझ्या मास्तरांनी अशीच लिहिली. यात या मुलांचा काही दोष नाही.

मी एकसष्ट-बासष्टच्या त्या मुलांकडं पाहिलं आणि 'विद्यार्थी' असं टाइप केलं.

शेवटच्या वाक्यापाशी गुरुजी अडले. पाणी मागितलं, सावकाश प्यायले. मग म्हणाले, "लिहा. या नवांपैकी कोणाचीही खरी जन्मतारीख मला माहीत नव्हती." मी लिहिलं. त्यांनी सही केली ती ओळ सोडून खाली घसरली, म्हणून दुसऱ्या कागदावर पुन्हा केली. रजिस्टरातल्या सहीशी जुळावी म्हणून तिसऱ्यांदा केली. ती जुळली.

पत्र पाठवलं, आणि मग वाट पाहायची. या धंद्यात वाट पाहण्याची सवय होते म्हणतात, मला कधी झाली नाही. बप्पांचा दिवसातून तीनदा फोन, "काय झालं ताई?" लिंबाजी एकदाच येऊन गेला. म्हणाला, "आमचं ऱ्हाऊ द्या ताई. ह्या एक जूनमुळं अडत आसंल तर आमची नावं काढा. गुरुजींची आन् तुमची तेवढी करा." मी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

नवव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला संगणकावर एक निरोप आला. पहिलं नाव गुरुजींचं. मंजूर. मग दुसरा, तिसरा, करत अकराही. मी मोजले, पुन्हा मोजले. आधी बप्पांना फोन करायला हवा होता. मी शटर अर्धं ओढलं, पंखा लावला आणि खुर्चीत बसून मनसोक्त रडले. छातीवरचा धोंडा उतरला म्हणजे काय होतं ते त्या दिवशी कळलं. मग भूक लागली. स्टँडवरून गरम भजी मागवली आणि एकटीनं सगळी खाल्ली.

मुंबईच्या विमानतळावर शिक्का मारणाऱ्या साहेबांनी एक पासपोर्ट पाहिला, दुसरा पाहिला, चौथ्याला मान वर करून म्हणाले, "कुठले तुम्ही?"

"बीड जिल्हा," मी म्हटलं.

"तरीच. मी परभणीचा. माझी पण एक जूनच." आणि धडाधड शिक्के मारले.

प्रवासाचं वर्णन करत नाही. शिळ्या भाकरीचा चुरा, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे यांवर निम्मा मोरोक्को पार पडला. संक्रांतीला संध्याकाळी वाळवंटाच्या कडेला पोचलो, आमच्या वाटाड्याला तिळगूळ दिला आणि लवकर झोपलो. सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर लिंबाजीनं गुरुजींचा हात धरून त्यांना वाळूच्या पहिल्या टेकाडावर नेलं. मी स्वेटरांचं गाठोडं घेऊन मागोमाग. गुरुजी खाली बसले. नळीतून एका वेळी थोडंच दिसतं, म्हणून त्यांनी डावीकडून उजवीकडं सावकाश मान फिरवली. पुन्हा उलटी फिरवली. असं किती वेळ चाललं होतं. दोन्ही हात मनगटापर्यंत वाळूत खुपसलेले.

"चुकलो," ते म्हणाले.

मी पटकन पुढं झाले. "काय झालं गुरुजी?"

"नुसती हळद नको होती. थोडं कुंकू कालवायला पाहिजे होतं. रंग तांबूस आहे." आणि लहान मुलासारखे हसले. बप्पा तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसायला लागले. मी उघडच पुसले.

वाटाड्या पन्नाशीचा, बोलका माणूस. आदल्या संध्याकाळी मुक्कामाचे फॉर्म भरताना त्यानं आमचे पासपोर्ट पाहिले होते. तो मला इंग्रजीत म्हणाला, "तुमचे सगळे एक जूनचे! माझे वडील आणि त्यांचे भाऊ सगळे एक जानेवारीचे. लिहिणाऱ्याला दुसरी तारीखच ठाऊक नव्हती." मी मराठीत सांगितल्यावर मंडळी खो खो हसली. मग त्यानं विचारलं, "यांच्या खऱ्या तारखा कोणत्या?"

"आरं कोनाला म्हाईत!" बप्पा म्हणाले. "पत्रात लिवलंय की तसं."

गुरुजी हसले नाहीत. "लिंबा," त्यांनी हाक मारली, "इकडं ये. आज कर आहे ना?"

"हाय की गुरुजी."

"तुझ्या आईनं मला सांगितलं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, तू झालास. शाळेत आणलं तेव्हा तुला साडेपाचही पुरी नव्हती. खरी तारीख लिहिली असती तर त्या वर्षी तुला घेता आलं नसतं. दसऱ्याला आईबापाबरोबर तूही फडावर गेला असतास, आणि एकदा गेलेलं पोर पुन्हा शाळेत येत नाही हे मी पाहिलं होतं. म्हणून तुझं वर्षसुद्धा मी मागचं लिहिलं. शाळा लागली म्हणून तुला आजीपाशी ठेवून आई फडावर गेली." मग माझ्याकडं वळले. "शैलाबाई, पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. खरं लिहिलं असतं तर हा एकटा मागं राहिला असता. तुमच्याकडून मी खोटं लिहून घेतलं. मला माफ करा."

मी काय माफ करणार?

लिंबाजी गुडघ्यांवर बसला होता. तो म्हणाला, "आईनं मला कदीच सांगितलं न्हाई. करीवर झालो म्हनून लपवलं आसंल तिनं." मग बोटं मोजली. "म्हंजे आज मला एकसष्ट भरली."

"म्हंजे एकसष्टी की बे तुजी!" बप्पा ओरडले. मागचा एक जण पुटपुटला की आज कर आहे, शुभ काम करत नाहीत. करीला गाडीत पाय न ठेवणारे बप्पा त्याच्यावरच उखडले. "गप बस! कर गावाकडं. हितं कशाची कर?" खिशातला तिळगूळ काढून त्यांनी लिंबाजीच्या तोंडात कोंबला. लिंबाजीनं गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं. ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी चाचपडत हात पुढं केला आणि त्याचं डोकं सापडल्यावर हात तिथंच राहू दिला.

परतीच्या मुक्कामाला पुन्हा फॉर्म आले. सगळे मीच भरत होते. लिंबाजी समोर येऊन उभा राहिला. मला थट्टा सुचली. पेन उचलून धरलं आणि विचारलं, "बोला लिंबाजी, कोणती तारीख लिहू?"

"एक जूनच लिवा ताई," तो म्हणाला. "ती गुरुजींनी दिलेली हाय. दुसरी आईची हाय, ती घरात ठिवतो."

मी एक जून लिहिली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या रकान्यातली चूक दिसत असूनही मला ती काढावीशी वाटली नाही.